मुलगी अकरा वर्षांची आहे, एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची) लस आत्ताच द्यावी की मोठी झाल्यावर?

आत्ताच द्या, थांबून काही फायदा नाही. ही लस संसर्ग व्हायच्या आधी दिली तरच पुरतं काम करते. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. "एवढ्या लहान वयात कशाला?" असं घरचे म्हणतात, पण लहानपणी शरीराचा प्रतिसाद जास्त चांगला मिळतो. म्हणूनच 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पंधरा पूर्ण झाल्यावर सहसा तीन लागतात. भारतात एका डोसवर झालेल्या अभ्यासात (बार्शीचं कॅन्सर रुग्णालयही त्यात होतं) एका डोसनेही दहा वर्षं टिकणारं संरक्षण दिसलं. गर्भाशयमुखाचे साधारण 70 टक्के कॅन्सर या विषाणूच्या 16 आणि 18 क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतात. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक ही लस या दोन्हींवर चालते.

इंजेक्शन दंडात असतं, एक-दोन दिवस हात दुखतो. या वयातल्या मुलींना सुई टोचल्यावर कधी चक्कर येते, तेव्हा नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवा. आधीच्या एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

एक मात्र लक्षात ठेवा: लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, त्यामुळे तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करावीच लागते. तिच्या आईनेही.