डावीकडे वळताना मागचं चाक फुटपाथवर का चढतं, आणि चढलं तर काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या अरुंद गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळताना तुमच्या हॅचबॅकचं मागचं डावं चाक अधूनमधून फुटपाथच्या कडेवर चढतं आणि धप्पकन खाली येतं. हा गुन्हा धरतात का, आणि गाडीचं यात काही बिघडतं का?

दोन्हींचं उत्तर 'हो' आहे.

आधी कायदा. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर वाहन चालवता येत नाही. गणवेशातल्या पोलिसाने परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. 'वळताना जरासं चाक गेलं' असा वेगळा अपवाद त्यात नाही. सिग्नलला पुढचा हलत नाही किंवा मागचे हॉर्न वाजवतात, ही कारणंही चालत नाहीत. दंड मोटार वाहन कायद्याच्या 177-अ कलमाखाली 500 ते 1000 रुपये. फुटपाथवर माणसं असताना चाक चढवलंत तर प्रकरण धोकादायक चालवण्यात, म्हणजे 184 कलमात जाऊ शकतं. तिथे पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. कुणाला लागलं तर भारतीय न्याय संहितेची 281 आणि 125 ही कलमं येतात, आणि मृत्यू झाला तर 106(1), ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मागून ॲम्ब्युलन्स आली तरी चाक फुटपाथवर घेऊ नका. डाव्या कडेला सरकून थांबलात की तुमचं काम झालं.

आता चाक चढतं का ते बघू, कारण दुरुस्ती तिथेच आहे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून जातात. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2.45 मीटरच्या आसपास आणि टर्निंग रेडियस 4.8 मीटर धरा. स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर मागचं डावं चाक पुढच्या डाव्या चाकापेक्षा जवळपास एक मीटर आतून जातं. पुढचं चाक कोपऱ्यापासून हातभर लांबून गेलं म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मागचं दगडावर चढतं. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे हे चाक सीटवरून दिसण्याचा प्रश्नच नसतो.

बहुतेकांची चूक एकच असते, स्टेअरिंग लवकर वळवतात. कोपरा बॉनेटच्या बाजूला दिसला की हात फिरतात. कोपरा अगदी काटकोनी असेल आणि गाडी कडेपासून 70 सेंटीमीटरवर असेल, तर कोपरा डाव्या आरशाच्या रेषेत आल्यावर स्टेअरिंग पूर्ण वळवलं तरी मागचं चाक जेमतेम सुटतं. म्हणून कोपरा आरसा ओलांडून शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या खांद्याशी येईपर्यंत सरळ जा, मग वळवा. कडेपासून 30 सेंटीमीटरवरच असाल तर याहून अर्धा मीटर आणखी पुढे जावं लागतं. वेग ताशी 8-10 किलोमीटर, पहिला गिअर, गरज पडली तर हाफ क्लच. अनोळखी कोपऱ्यावर डावा आरसा थोडा खाली झुकवा, म्हणजे मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही त्यात दिसतात. वळून झालं की आरसा परत जागेवर आणा.

वळण्याआधी गाडी उजवीकडे फेकून मग डावीकडे काटा मारायची सवय लागली असेल तर ती सोडा. नियमच आहे की डावीकडे वळताना ज्या रस्त्यावरून निघालात त्याच्या आणि ज्यावर जाता त्याच्याही शक्य तितकं डाव्या बाजूला राहायचं. शिवाय मुंबईत एक मीटरची फट दिसली की स्कूटरवाला त्यात घुसतोच, आणि तुम्ही वळलात की तो गाडी आणि फुटपाथ यांच्यामध्ये चेंगरतो. 60 ते 90 सेंटीमीटर अंतर ठेवा आणि इंडिकेटर आधीपासून द्या. आरसा बघितल्यावर मान वळवूनही एकदा बघा. एका दमात वळण बसत नसेल तर थांबा, मागे कुणी नाही हे पाहून अर्धा मीटर रिव्हर्स घ्या आणि पुन्हा वळा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

बारा मीटरच्या बसचं चाकांमधलं अंतर सहा मीटरच्या घरात असतं आणि तिचं मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा दोन मीटरहून जास्त आत येतं. म्हणून बस किंवा डंपर वळत असताना कोपऱ्याला कडेवर उभं राहू नये, आणि स्कूटर तिच्या डाव्या बाजूला कधीच घालू नये.

मला सगळ्यात गंभीर वाटतं ते हे, की चाक जिथे चढतं तिथेच माणसं रस्ता ओलांडायला उभी असतात. मुलाचा हात धरलेली आई, भाजीची पिशवी घेतलेले आजोबा तिथे असतात. पिवळ्या उंचवट्यांच्या लाद्यांवर पाय चाचपडत येणारी अंध व्यक्तीही तिथेच थांबते. फुटपाथची कड साधारण 150 मिलिमीटर उंच ठेवतात, कारण चालणाऱ्याला तेवढं संरक्षण असावं, आणि आपलं चाक ते पार करतं. आणखी एक नुकसान लगेच दिसत नाही. पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर बसवलेले असतात. चाकाच्या भाराने कोपऱ्यातले दोन-तीन ब्लॉक खचतात, पावसात खालची वाळू वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. महिन्याभराने त्याच ब्लॉकला पाय अडकून कुणीतरी पडतं. कित्येक फुटपाथांखाली पावसाळी गटार असतं, त्यावरचे स्लॅब माणसांसाठी असतात, गाडीसाठी नाहीत. सोसायटीच्या गेटपाशी कड उतरती केलेली असते, तिथून फुटपाथ ओलांडायला हरकत नाही, पण थांबून, आधी चालणाऱ्याला जाऊ देऊन.

गाडीचं म्हणाल तर टायरचा आकडा बघा. 185/65 आर15 म्हणजे टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची बाजू, 120 मिलिमीटर, 205/45 आर17 म्हणजे फक्त 92. कड 150 ची. चाक धडकलं की रबर रिम आणि दगड यांच्यात चिमटतं आणि आतले धागे तुटतात. हवा कमी असेल तर चिमटा आणखी बसतो, म्हणून दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवाच ठेवा, तीही टायर थंड असताना. धागे तुटले की भिंतीवर फुगा येतो, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. फुगा आलेला टायर बदलायचाच. पंक्चरवाला भिंतीला पॅच लावू म्हणाला तरी नको, एक्स्प्रेस वेवर तोच टायर फुटतो. कडेला तिरकं घासत जाणं हे समोरून चढण्याइतकंच वाईट, कारण दगडाची धार भिंत कापते. स्कूटरचं चाक तिरकं लागलं तर ते कडेवरून घसरतं आणि माणूस खाली येतो. काळ्या-पिवळ्या रंगाची कड ओली असताना तर हमखास.

चाक चढलंच तर ॲक्सिलरेटर दाबून उडी मारू नका. थांबा, डावीकडे माणूस नाही ना बघा, स्टेअरिंग शक्य तितकं सरळ करा आणि ब्रेकवर पाय ठेवून चाक हळू उतरवा. घरी गेल्यावर टायरची आतली भिंतही टॉर्च लावून बघा, फुगा अनेकदा आतल्या बाजूलाच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा मोजा. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं का, गाडी एका बाजूला ओढते का, ताशी 80 च्या आसपास थरथर येते का, हे तपासा. थरथर असेल तर रिम वाकलेली असू शकते. पुढचं चाक आपटलं असेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्म हे स्टेअरिंग-सस्पेन्शनचे भाग मेकॅनिकला दाखवून घ्या.

तुमचं मात्र मागचं चाक आहे, आणि इथे बरेच जण फसतात. साधं अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बसवणं. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ट्विस्ट बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच दांडा, असतो, त्याला सेटिंगच नसतं. म्हणून चारही चाकांची कॉम्प्युटर रीडिंगची प्रिंट मागा. मागचा टो हद्दीबाहेर असेल तर बीम किंवा स्टब (चाक ज्यावर बसतं तो छोटा दांडा) वाकलाय, तो बदलावा लागतो. नाहीतर नवा टायरही एका बाजूने झिजेल. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या वजनाने मागची बाजू आधीच खाली बसलेली असते, त्यामुळे चाक खाली येताना मागचा बंपर आणि सायलेन्सर घासतो. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी असते, खालून दणका बसला तर गाडी रॅम्पवर चढवून तळ बघून घ्याच.

विम्याचं एक वाक्य लक्षात ठेवा: नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत भरपाई मिळते. पूर्ण हवी तर टायरचं वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण, घ्यावं लागतं.

आणि पावसाळ्यात हिंदमातासारख्या ठिकाणी पाणी साचलं की कड दिसत नाही. तेव्हा डावीकडून अंदाजाने वळूच नका, पुढच्या गाडीची चाकं कुठून जातात ते बघत रस्त्याच्या मधोमध रहा, आणि शक्य असेल तर ते वळण सोडून पुढचं घ्या.