कॉलेजच्या धर्म-अभ्यासाच्या पेपरसाठी वारकरी संप्रदायावर गटाने मल्टिमीडिया सादरीकरण कसं करावं?

तुमचा प्रश्न असा: पाच जणांचा गट, विषय 'वारकरी संप्रदाय', वेळ २० मिनिटं, तयारीला ३ आठवडे, आणि ऑडिओ-व्हिडिओ वापरणं सक्तीचं. सुरुवात कुठून करायची?

लॅपटॉप उघडण्याआधी विषय लहान करा. 'वारकरी संप्रदाय' २० मिनिटांत मावत नाही. तो आहे तसा घेतला की एकाच्या वाट्याला ज्ञानेश्वर, दुसऱ्याच्या नामदेव, मग एकनाथ, तुकाराम, शेवटी पंढरपूर, अशी वाटणी होते आणि वर्गाला पाच वेगवेगळे निबंध ऐकावे लागतात. त्याऐवजी ज्याच्या दोन्ही बाजूंना पुरावा आहे असा एकच प्रश्न घ्या. मी सुचवेन: 'वारीच्या वाटेवर जात गळून पडते का?'

एका बाजूला संतांची नावंच बोलतात: नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, चोखामेळा महार, दासी जनाबाई. शिवाय लहान-थोर न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याची वारकऱ्यांची रीत. दुसऱ्या बाजूला चोखोबांची समाधी विठ्ठल मंदिराच्या बाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषण करावं लागलं. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांची जेवणं वेगळी होत, हे इरावती कर्वे यांनी स्वतः वारी करून लिहून ठेवलंय. एवढं साहित्य २० मिनिटांना पुरून उरतं.

वेळ अशी बांधा: सुरुवात आणि नकाशा २ मिनिटं, समतेची बाजू ४, दुसरी बाजू ५, आजच्या वारकऱ्याचा आवाज ३, तुमचा निष्कर्ष २. झाली १६. उरलेली ४ प्रश्नांसाठी राखा, त्यांना हात लावू नका. स्लाइड १२ ते १४ पुरेत. बोलायचं सगळ्यांनी, पण तयारीची कामं वेगळी वाटा: वाचन आणि टिपणं, मुलाखत, ऑडिओ-व्हिडिओ, नकाशा आणि फोटो. पाचव्याकडे मुख्य फाइल. तिच्यात बदल फक्त त्यानेच करायचे. नाहीतर आदल्या रात्री ग्रुपवर 'फायनल', 'फायनल २', 'खरी फायनल' अशा तीन फाइली फिरतात आणि वर्गात जुनी उघडते.

कुठलं माध्यम कुठे, याचा कस एकच: ते काढून टाकलं तर मुद्दा लंगडा होतो का? टाळ-मृदंगाचा २० सेकंदांचा आवाज सुरुवातीला हवाच, कारण वारी ही मुळात चालत गायची गोष्ट आहे आणि ते शब्दांत सांगता येत नाही. नकाशावर आळंदी आणि देहूहून पंढरपूरला येणाऱ्या दोन रेषा दाखवा, आणि चोखोबांचं मंगळवेढंही. रिंगणाचा व्हिडिओ घालायचा मोह सगळ्यांना होतो. दृश्य विलक्षण असतं, पण तुमचा प्रश्न जातीचा असेल तर तो वगळा. वर्ग घोड्यांबद्दल विचारत बसेल.

मुलाखत हा सगळ्यात मोलाचा भाग, म्हणून त्यावर वेळ घालवा. परिसरातल्या हरिपाठ मंडळात नेमाने वारी करणारं कुणीतरी भेटतंच. 'वारीत जात पाळतात का?' असं थेट विचारलंत तर 'छे हो, तिथे सगळे माउली' एवढंच उत्तर मिळेल. 'तुमच्या दिंडीत स्वयंपाक कोण करतं? पंगत कशी बसते? मुक्कामाला तंबूत कोण कुणासोबत असतं?' असं विचारा, मग खरं चित्र उलगडतं. वर्गात ऐकवण्याची परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून घ्या. पंखा बंद ठेवा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. अर्ध्या तासातले ४०-४० सेकंदांचे दोनच तुकडे वापरा, आणि बोली ग्रामीण असेल तर खाली मजकूर द्या.

भाषेचं भान ठेवा. रेड्यामुखी वेद वदवले, हे 'परंपरा सांगते' म्हणून सांगा. साने गुरुजींचं उपोषण इतिहास म्हणून सांगा. दोन्हींची सरमिसळ झाली की गुण जातात. वर्ग म्हणजे कीर्तन नव्हे, पण कुणाच्या श्रद्धेची खिल्ली उडवण्याचीही ती जागा नव्हे. सगळ्यांना गजर करायला लावू नका, वर्गात इतर धर्मांची मुलंही असतात. दिंडी, माळकरी, माउली हे शब्द पहिल्यांदा येतील तिथेच एका वाक्यात समजावा.

आता यंत्रांचं. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर कॉलेजच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करण्याची सोय आहे, ती चालू करा. यूट्यूबची लिंक टाकून वायफायच्या भरवशावर राहू नका. व्हिडिओ एमपी४ करून फाइलमध्येच घाला. आयफोनवरचे व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी प्रकारचे असतात आणि जुन्या विंडोजवर चालत नाहीत, म्हणून ते आधी एच.२६४ मध्ये बदला. व्हॉट्सॲपवरून फोटो एकमेकांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, एरवी ते आकसतात आणि पडद्यावर फुटतात. नेटवरचा फोटो घेतलात तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना त्याच स्लाइडवर बारीक अक्षरात द्या.

सगळ्यात जास्त घोळ आवाजाचा होतो. प्रोजेक्टरला व्हीजीए केबल असेल तर तिच्यातून आवाज जातच नाही. स्पीकरला वेगळी ३.५ मिमी केबल लागते. एचडीएमआय असेल तर आवाज प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरकडे वळतो आणि मागच्या बाकांना काही ऐकू येत नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट बदला. म्हणून दोन दिवस आधी त्याच खोलीत, त्याच संगणकावर घड्याळ लावून एक पूर्ण तालीम करा. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ईमेलमध्ये, आणि ऑडिओ-व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्येही ठेवा.

प्रश्नोत्तरांसाठी दोन जादा स्लाइड शेवटी लपवून ठेवा. एकीवर मंदिरप्रवेशाचा घटनाक्रम. दुसरीवर नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत ही माहिती. कारण तौलनिक धर्म शिकवणारे प्राध्यापक 'हा विचार महाराष्ट्राबाहेर पोचला का?' असं विचारण्याची शक्यता बरीच आहे.