चेहऱ्याला तेल लावू का, ताई?

मागच्या अंकात थंडीतल्या कोरड्या त्वचेवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की फेस ऑइल घरीसुद्धा करता येतं. बास, तेवढ्यावरनं इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढे ढकलावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा आपलं पत्र शब्दशः दिसलं नाही म्हणून रुसू नका.

प्रश्न : ताई, माझं वय ३४, राहते कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत आणि दिवसभर एसी. संध्याकाळपर्यंत गाल ताणल्यासारखे होतात. विकतचं फेस ऑइल फार महाग वाटतं म्हणून घरी करायचंय, पण जो व्हिडिओ बघावा त्यात दहा-बारा तेलं आणि वर पाच-सहा इसेन्शियल ऑइलं, म्हणजे वनस्पतींचे उग्र वासाचे अर्क. नक्की काय काय घेऊ?

उत्तर : अगं, दहा-बारा कशाला, दोन तेलं पुरतात, फार तर तीन. जास्त तेलं घातली की फायदा वाढत नाही, फक्त चेहऱ्यावर काही उठलं तर ते कशानं उठलं हे कळायची सोय राहत नाही.

तुझ्यासारख्या कोरड्या त्वचेला ३० मिलीच्या बाटलीत १५ मिली गोडं बदाम तेल, १० मिली जोजोबा आणि ५ मिली करडईचं तेल, एवढंच. बदाम तेल मऊपणा देतं. जोजोबा हे खरं तर तेल नव्हेच, पातळ मेण आहे, आपल्या त्वचेतल्या सीबममध्येही, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या तेलातही, तसलंच मेण असतं, म्हणून ते चिकट न वाटता बसतं आणि खवटही लवकर होत नाही. मूळचं अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातलं झुडूप, आता राजस्थानातही लावतात. आणि करडई म्हणजे आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची, तिच्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, त्वचेचा वरचा थर धड ठेवायला ते लागतं. परदेशातनं आलेलं रोझहिप तेल ज्या कारणासाठी महागात घेतात त्यातलं एक कारण हेच आहे, पण करडई म्हटलं की कुणाला भारी वाटत नाही, काय करणार!

करडई लाकडी घाण्याची घे, आता पुण्यात बऱ्याच भागात घाणे आहेत. घाण्याच्या तेलात गाळ असतो, तो दोन-तीन दिवस खाली बसू दे आणि वरचं नितळ तेल घे. बदाम तेल घेताना मात्र बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाच. केसांसाठीच्या ‘बदाम’ तेलांमध्ये बऱ्याचदा मुख्य घटक मिनरल ऑइल, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेलं तेल असतं, बदाम नावापुरताच. मिनरल ऑइल काही विष नाही, पण तू पैसे बदामाचे देतीयेस ना.

ऑलिव्ह ऑइल घरात आहे तर तेच लावू का, असंही तिघी-चौघींनी विचारलंय. नको. त्यात ओलिक आम्ल जास्त असतं आणि ते रोज लावल्यानं त्वचेचं संरक्षक आवरण उलट कमजोर होऊ शकतं. पास्त्यात घाल. मोहरीचं तेलही चेहऱ्याला नको, आग होते.

आता लावायचं कसं, कारण निम्मी गडबड इथेच होते. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणजे एसीतनं घरी येऊन वाळलेल्या गालावर तेल चोळलं तर गाल तेलकटही होणार आणि आतनं ताणलेलेही राहणार. तोंड धुवून टिपायचं, पुसून कोरडंठाक करायचं नाही, दमट असतानाच मॉइश्चरायझर आणि त्यावर तीन-चार थेंब तेल तळहातावर पसरून दाबत दाबत लावायचं. रात्री. तीन-चार थेंब म्हणजे तीन-चारच हं, चंपी नाहीये ही.

प्रश्न : व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घातली की तेल वर्षभर टिकतं का? (वारजे)

उत्तर : नाही टिकत. मेडिकलमधल्या कॅप्सूलची स्ट्रिप नीट वाचा, बहुतेकींवर ‘टोकोफेरिल अ‍ॅसिटेट’ लिहिलेलं असतं. हे रूप शरीरात गेल्यावर बदलून कामाला लागतं, बाटलीतल्या तेलाला खवट होण्यापासून ते वाचवत नाही. त्यासाठी ‘मिक्स्ड टोकोफेरॉल’ म्हणून व्हिटॅमिन ईचं दुसरं रूप मिळतं ते घ्यायचं, ३० मिलीला दोन-तीन थेंब. त्यानंही तेल अमर होत नाही, खवटपणा लांबतो एवढंच. आणि ते प्रिझर्व्हेटिव्ह नाही, म्हणजे बुरशी-जंतूंना ते रोखत नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

बाटली गडद तपकिरी काचेची हवी, ड्रॉपरची. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला रिकाम्या बाटल्या मिळतात. धुतल्यावर पूर्ण, म्हणजे पूर्ण वाळू द्या. बाथरूमच्या खिडकीत ठेवू नका. जास्त तेल एकदम करण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचं करा. जुन्या शेंगदाण्यासारखा वास यायला लागला की फेका, पायांनाही लावत बसू नका.

प्रश्न : मी गॅलरीतली ताजी कोरफड, गुलाबाच्या पाकळ्या आणि ओली हळद किसून खोबरेल तेलात घातली आणि बरणी उन्हात ठेवली. आठवड्यात वर पांढरट तवंग आला आणि आंबूस वास. गाळून वापरलं तर चालेल का? इतकी मेहनत केलीये हो. (चिंचवड)

उत्तर : मेहनत कळतीये, पण ओतून टाका. गाळून फक्त दिसणारी घाण जाते. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, ताज्या पाकळ्या आणि ओली हळद यांच्यातही पाणी, आणि तेलात पाणी अडकलं की तिथे जंतू वाढतात. नुसत्या तेलात ते वाढू शकत नाहीत, म्हणून तर साध्या फेस ऑइलला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. कैरीच्या लोणच्याचा ओला चमचा आठवा, तसंच.

वनस्पती घालायच्याच असतील तर सुकलेल्या घ्या, हाताने कुस्करल्यावर कुरकुरीत मोडतील अशा. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या किंवा ज्येष्ठमधाची भरड, मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात बघा. बरणीत घालून वर तेल, आणि ती बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात दोनेक तास मंद आचेवर. झाकणाला आलेलं पाणी आत टपकू देऊ नका. मग मलमलच्या कापडातनं गाळायचं. उन्हात महिनाभर ठेवायची पद्धत मला आवडत नाही, ऊन तेल खवट करतं. आणि कोरफड? ती तशीच तोंडाला लावा ना, ताजी, धुवून, पिवळा चीक निथळून गेल्यावर. तेलात कशाला बुडवायची.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहते, वय ६१. सुनेने कुंकुमादी तेल आणलं, छोटीशी बाटली आणि किंमत बघून मला घेरीच आली. घरात काश्मीरचं केशर आहे, ते बदाम तेलात भिजवून ठेवलं तर तेच होईल ना?

उत्तर : काकू, नाही होणार, आणि केशर वाया जाईल त्याचं जास्त वाईट वाटेल. केशराचा रंग ज्या क्रोसिनमुळे येतो ते पाण्यात, दुधात विरघळतं, तेलात नाही. म्हणूनच आपण केशर कोमट दुधात खलून मग श्रीखंडात घालतो, तुपात नाही खलत. तेलात महिनाभर काड्या तशाच लाल पडून राहतील.

आयुर्वेदात तेल ‘सिद्ध’ करायची पद्धतच वेगळी आहे. साधारण एक भाग वनस्पतींचा कल्क (वाटलेला लगदा), चार भाग तेल आणि सोळा भाग काढा, दूध असा द्रव, हे सगळं मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवायचं. कुंकुमादीत केशराबरोबर चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, लाख अशी बरीच मंडळी असतात, मूळ तेल तिळाचं आणि द्रवात बकरीचं दूध. शिजलं की नाही हे बघायला कल्काची बोटावर वात वळते का बघतात आणि ती विस्तवावर धरतात, तडतड आवाज आला तर पाणी शिल्लक आहे. पाणी राहिलं की तेल नासलं. किंवा जास्त शिजलं की करपलं. हे स्वयंपाकघरात जमणारच नाही असं नाही, पण दोन चमचे तेलासाठी एवढा घाट कोण घालणार? तुम्हाला हवंच असेल तर सुनेच्या बाटलीतले दोन थेंब मागून घ्या (तिलाही बरं वाटेल) आणि रोजच्यासाठी घाण्याचं, कच्च्या तिळाचं तेल. तिळाची अ‍ॅलर्जी असणारेही लोक असतात, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघा, मगच तोंडाला. ही टेस्ट सगळ्यांनीच करायची आहे, कुठलंही तेल असो.

प्रश्न : बावचीचं तेल म्हणजे नॅचरल रेटिनॉल असं वाचलं. काष्ठौषधीवाल्याकडे स्वस्तात मिळालं. फेस ऑइलमध्ये किती घालू? (सिंहगड रोड)

उत्तर : शून्य. हा प्रश्न आला म्हणून बरं झालं, कारण हा घोळ बऱ्याच जणी करतायत. रेटिनॉलसारखं (ते सुरकुत्यांवर लावतात ते व्हिटॅमिन ए) काम करतं असं ज्याच्याबद्दल बोललं जातं ते ‘बाकुचिओल’, बावचीतनं वेगळं काढून शुद्ध केलेलं एकच द्रव्य. तुम्ही आणलंत ते अख्ख्या बियांचं तेल, त्यात सोरालेन असतं. सोरालेन त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते, फोड येतात, मागे काळे डाग राहतात. कोडावर वैद्य आणि डॉक्टर याच गुणाचा उपयोग करून घेतात, पण ते मोजून मापून आणि देखरेखीखाली. स्कूटरवरनं दुपारी सिंहगड रोडनं जाताना नव्हे!

प्रश्न : मी फर्ग्युसनला शिकते, १९ वर्षांची, कपाळावर आणि हनुवटीवर बारीक बारीक पुळ्या. आजी म्हणते खोबरेल लाव, मैत्रीण म्हणते टी ट्री ऑइल डायरेक्ट लाव. गाडीवर स्कार्फ बांधते रोज.

उत्तर : आजीचंही नको आणि मैत्रिणीचं तर मुळीच नको, टी ट्री हे इसेन्शियल ऑइल आहे, ते नुसतं लावायचं नसतं. खोबरेल केसांना उत्तम, अंगालाही छान, पण पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर बऱ्याच जणींची छिद्रं त्यानं बुजतात. बऱ्याच जणींची म्हटलं, सगळ्यांची नाही. नेटवर ० ते ५ आकड्यांचे जे तक्ते फिरतात ना, कुठलं तेल किती छिद्रं बुजवतं याचे, त्यांचा पाया सशाच्या कानावर केलेल्या चाचण्या आहेत, तेव्हा ते ब्रह्मवाक्य नाही.

आणि सगळ्या पुळ्या म्हणजे पिंपल नसतात. कपाळावर सारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या, बारीक पुळ्या आणि सोबत कोंडा असेल तर ते मॅलेसेझिया नावाच्या यीस्टचं काम असू शकतं, आणि बहुतेक तेलांमधली फॅटी अ‍ॅसिड्स हेच त्याचं खाणं. मग तू जितकं तेल लावशील तितकी त्याची चंगळ. सध्या तेल बंद ठेव, स्कार्फ रोज धू (खरंच रोज, घाम आणि धूळ आणि कालचं क्रीम सगळं त्यातच असतं) आणि एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखव. पुळ्या बसल्यावर हवंच असेल तर नुसतं जोजोबा, दोन थेंब.

प्रश्न : इसेन्शियल ऑइल किती थेंब घालायचं? मला लिंबाचा वास आवडतो. (औंध)

उत्तर : घातलं नाही तरी काही बिघडत नाही, त्वचेला वासाची गरज नसते. घालायचंच तर चेहऱ्यासाठी अर्धा टक्का, फार तर एक. १ मिलीत साधारण २० थेंब धरले तर ३० मिलीत ६००, म्हणजे अर्धा टक्का झाला ३ थेंब. व्हिडिओत वीस-पंचवीस थेंब ओततात ते बघून माझाच चेहरा चुरचुरतो. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल तर नकोच, बर्गमॉट या संत्र्या-लिंबाच्या जातीतल्या फळाचंही नको, ऊन लागलं की डाग पडतात, बावचीसारखंच प्रकरण. लॅव्हेंडर चालेल, पण तेही सगळ्यांना सोसत नाही. प्रेग्नंट असाल तर सरळ बिनवासाचं तेल. आणि अत्तर म्हणजे इसेन्शियल ऑइल नव्हे, ते मनगटाला लावा.

प्रश्न : गालावर वांग आहेत. कुठल्या तेलानं जातील?

उत्तर : कुठल्याच नाही. सनस्क्रीन आणि डॉक्टर. गाजराच्या बियांच्या तेलात एसपीएफ असतो वगैरे वाचलं असेल तर विसरा, कुठलंही तेल सनस्क्रीनच्या जागी चालत नाही.

प्रश्न : पुरुषांनी विचारलं तर चालतं ना? दाढीखाली कोंडा होतो आणि खाज येते. बायकोचं फेस ऑइल वापरू का? (हडपसर)

उत्तर : चालतं की दादा. पण कोंडा असेल तर वर फर्ग्युसनच्या मुलीला सांगितलंय ते वाचा, तेलानं वाढू शकतो. आधी कोंड्याचा शाम्पू दाढीला लावून तीन-चार मिनिटं ठेवून धुवा, काही आठवडे. मग बायकोला विचारून बाटलीला हात लावा.

प्रश्न : माझं तेल मैत्रिणींना फार आवडलंय. सोसायटीच्या ग्रुपवर विकायला सुरुवात करू का? दिवाळीत स्टॉलही लावायचाय. (बाणेर)

उत्तर : मैत्रिणीला एक बाटली भेट देणं वेगळं आणि विकायला बनवणं वेगळं. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो. १९४० चा औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा आहे, त्याखाली २०२० चे कॉस्मेटिक्स नियम आहेत, आपल्याकडे परवाना राज्याचं एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन देतं. जागा कशी हवी, देखरेखीला कोण हवं, लेबलवर बॅच नंबर, घटक, मुदत हे सगळं त्यात येतं. ‘होममेड आहे, नॅचरल आहे’ म्हणून सूट नाही. स्वतःचं युनिट लगेच जमत नसेल तर परवाना असलेल्या उत्पादकाकडून बनवून घेता येतं, पुष्कळ छोटे ब्रँड तसंच करतात, फक्त एकावेळी कमीत कमी किती माल घ्यावा लागेल ते आधी विचारा. दिवाळीला किती दिवस राहिलेत ते बघता यंदा स्टॉलवर चकल्या ठेवा, त्यांचंही एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचं) रजिस्ट्रेशन लागतं, पण ते त्यामानानं सोपं आहे.