वाचकांचे प्रश्न : वाकणारा स्टॉक आणि सरकणारा ग्रुप

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, स्टॉक, म्हणजे दस्ता, प्लास्टिकचा. ५० मीटरवर सँडबॅग ट्रिगरगार्डच्या जवळ ठेवली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, छान बसतो. पुढच्या टोकाला बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावला की तोच ग्रुप वर सरकतो आणि फाकतो. स्कोप बदलावा का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : स्कोपवर पैसे घालू नका. तुमच्या स्टॉकचा पुढचा भाग आतून पोकळ आहे. बायपॉडवर भार आला की तो वर वाकतो आणि बॅरलला टेकतो. दर शॉटला दाब वेगळा, म्हणून ग्रुपही वेगळा.

खात्री करून घ्या. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा, बोल्ट काढा. साध्या कागदाची पट्टी बॅरलखालून अ‍ॅक्शनपर्यंत (बोल्ट बसतो तो धातूचा भाग) सरकवा. मग बायपॉडवर नेहमीसारखा भार देऊन पुन्हा सरकवा. अडकली, तर दोष तिथेच आहे. अ‍ॅक्शनचे स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळलेले आहेत ना, हेही याच वेळी बघा.

आधी फट वाढवा. गोल दांडीला ८० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून स्टॉकमधली बॅरलची खाच घासा. सगळीकडे दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

नाही झाले तर स्टॉक ताठ करावा लागतो. अ‍ॅक्शन काढून बाजूला ठेवा. आतल्या आडव्या पट्ट्यांना भोके पाडून ८ मिलिमीटरच्या दोन कार्बन फायबर नळ्या लांबीभर बसवा; रिमोटच्या विमानांचे सामान विकणाऱ्यांकडे त्या मिळतात. भोके सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधून पाडून घेणार असाल तर फक्त स्टॉक न्या, अ‍ॅक्शन आणि बॅरल घरीच कुलपात राहू द्या. पोकळीच्या भिंती आणि नळ्या खरखरीत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अ‍ॅसिटोन नको, काही प्लास्टिक त्याने विरघळते.

इपॉक्सी सावकाश सुकणारीच घ्या आणि डब्यावरच्या प्रमाणात वजनकाट्यावर मोजा. हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर घट्ट होत नाही, उलट कायमची मऊ राहते. त्यात चिरलेले ग्लास फायबर मिसळा, लापशीइतके दाट होईपर्यंत. एका दमात सगळी पोकळी भरू नका. जाड थर तापतो आणि पातळ प्लास्टिक वाकडे करतो. मग इतका खटाटोप करून खाच तिरकी होऊन बसते. दोन-तीन थर द्या, आधीचा थंड होऊ द्या. तोवर स्टॉक सरळ टेकवून ठेवा, शिकंज्यात दाबू नका. निफाडकडच्या थंडीत २४ तास पुरत नाहीत, दुप्पट वेळ धरा.

ओतण्याआधी दोन ठिकाणी लक्ष हवे. बायपॉड अडकवायच्या खुंट्याचा, म्हणजे स्टडचा, नट आतच असतो. त्यावर मेण आणि मातकाम करायची क्ले लावा, नाहीतर तो परत कधीच निघणार नाही. अ‍ॅक्शन बसते त्या खड्ड्याच्या तोंडाशीही क्लेचा बांध घाला.

प्लास्टिक पॉलीप्रॉपिलीनचे असेल तर इपॉक्सी त्याला नीट चिकटत नाही. तेव्हा पट्ट्यांतली भोकेच तिला धरून ठेवतात, ती भरपूर पाडा. शेवटी रायफल जोडून कागदाची तीच चाचणी घ्या आणि झिरो नव्याने करा, म्हणजे स्कोपची खूण गोळी लागते तिथे पुन्हा जुळवा.

प्रश्न : माझ्या ब्रेक-बॅरल (बॅरल खाली मोडून भरायच्या) एअर रायफलचा स्टॉकही असाच भरू का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : मुळीच नाही. त्या खाचेतून कॉकिंगचा, म्हणजे स्प्रिंग दाबून ठेवणारा, दांडा फिरतो. ती भरली तर रायफल कॉकच होणार नाही. स्प्रिंगच्या झटक्याने स्टॉकचे स्क्रू ढिले होतात, ग्रुप फाकण्याचे कारण बहुधा तेच. स्क्रू काढून पुसा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावून आवळा. पुढचा हात खाली हलका, दर वेळी एकाच जागी ठेवा.

प्रश्न : स्टॉक भरल्याने वाढलेले वजन स्पर्धेत चालते का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत ५० मीटर रायफलला ८ किलो आणि १० मीटर एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा आहे; वजन त्यात बसले तर चालते. अडचण समतोलाची येते, कारण नवे वजन पुढे पडते. नाक जड वाटले तर बटमध्ये तेवढाच भार घाला.