अंधाराला हात लावू नकोस

प्रिय मित्रा,

काल रात्री तुझ्या भीतीच्या गेमचे दोन्ही बिल्ड, म्हणजे कच्च्या आवृत्त्या, खेळले, आधी ऑगस्टमधला, मग परवाचा. नंतर झोप लागेना, म्हणून हे पत्र.

ऑगस्टच्या बिल्डमध्ये प्लेगच्या काळातल्या मुंबईच्या मांडवीतल्या त्या चाळीत कंदिलाच्या उजेडाची एक अरुंद फाक होती, बाकी सगळं काळं. डावीकडच्या भिंतीमागून ओलं काहीतरी फरफटत गेलं. मी कंदील वळवला, तर जिन्याच्या पायऱ्या नुसत्या भिजलेल्या. बंदुकीत तीन गोळ्या होत्या, एकही झाडावीशी वाटली नाही. परवाच्या बिल्डमध्ये तीच चाळ लख्ख उजेडात. प्राणी दारात यायच्या आधीच दिसला. हिरवट, आठ पायांचा. दोन सेकंदांत मारला आणि पुढे गेले.

गेम खेळून तपासणारे टेस्टर म्हणाले 'काही दिसत नाही', आणि तू उजेड वाढवलास. अरे, असं कसं केलंस? वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यात आधीच सगळं उघडं पडतं, भिंतीपलीकडचंसुद्धा. माणसाला मुंगीएवढीही किंमत न देणाऱ्या कशाची तरी भीती तुला दाखवायची आहे. तिचा आकार कळला की ती संपली. २०१७ चा 'डार्कवुड' हा गेम पुन्हा बघ. कॅमेरा तसाच वरून, पण नजरेच्या टप्प्याबाहेरचा शत्रू दिसतच नाही. अंधाराला हात लावू नकोस.

'टेस्ला व्हर्सेस लव्हक्राफ्ट'चं नाव तू घेशीलच. फिनलंडच्या टेनटन्स कंपनीचा, २०१८ चा गेम, मलाही आवडतो. पण तिथला नायक, संशोधक टेस्ला, भिंतींतून आरपार जातो, यंत्रमानवात बसून राक्षसांचे थवे उडवतो. तिथे मजा ताकदीची आहे, तिला उजेड लागतो. तुझ्या नायकाकडे तीन गोळ्या आहेत.

इतिहासाबद्दल मात्र उगाच घाबरला आहेस. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिननी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. हे सगळं तसंच राहू दे. गोदीत जहाजातून काय उतरलं, एवढंच बदल. दुसरं काही बदललंस तर खेळणाऱ्याच्या पायाखाली जमीनच उरणार नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या हातात असून तुला दिसली नाही. प्लेगच्या त्या दिवसांत घरात ऊन-वारा यावा म्हणून छपरांची कौलं काढली होती. वरच्या कॅमेऱ्याला याहून चांगलं कारण कुठून आणणार आहेस? जिथे कौलं काढलीत तेवढंच वरून दिसू दे. बाकी काळं. टेस्टरांची खरी तक्रार वेगळी आहे: मार कुठून बसला ते कळत नाही. ते आवाजाने सांग. गोळी झाडली की बंदुकीच्या जाळाने खोली क्षणभर उजळू दे. पण अंधाराला हात लावू नकोस.

हे मी अधिकाराने सांगते, कारण मी लावला होता. २०१३ मध्ये माझ्या गेमच्या प्रकाशकाने सांगितलं, ब्राइटनेस वाढवा, आणि मी एका दुपारीत वाढवला. पाच जणांचे तीन महिन्यांचे पगार थकले होते. त्यातल्या एकाच्या घरी नुकतं बाळ झालं होतं. त्या दिवशी दुसरं काय करायला हवं होतं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. पगार झाले. गेम विकला गेला, पण खेळताना कुणाला भीती वाटल्याचं मी कधीच ऐकलं नाही. जुना बिल्ड अजून हार्डडिस्कवर आहे, मी तो उघडत नाही.

तुझ्यावर कुणाचे पगार नाहीत. मग तुला कसली घाई आहे?

शनिवारी मी घरीच आहे. ऑगस्टचा बिल्ड घेऊन ये, आणि हेडफोन आण. माझ्या स्पीकरवर डावं-उजवं नीट कळत नाही.

तुझी ताई