वडिलांच्या जुन्या २८ इंची सायकलला मागचा नवीन हब (चाकाचा मधला भाग) बसत नाही. काय करावं?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: सायकल रॉड ब्रेकवाली, काळी. मागचा हब झिजला म्हणून नवा आणला, तर हबला तारांची ३६ भोकं आणि रिंगला (चाकाच्या बाहेरच्या गोल पट्टीला) ४०. जुने कोन (छर्रे दाबून धरणारे नट) नव्या एक्सलवर, म्हणजे हबमधल्या दांड्यावर, चढत नाहीत. आणि दुकानदार म्हणतोय, "रिंगच बदला, अठ्ठावीसला अठ्ठावीस बसते."

रिंग बदलू नका. हब परत करा.

माझ्याकडे अशीच सायकल आहे आणि 'अठ्ठावीसला अठ्ठावीस'वर विश्वास ठेवून मी एक रिंग फुकट घालवली आहे. टायरच्या बाजूला बारीक आकडे बघा. तुमचा २८ × १ १/२ टायर असेल तर ४०-६३५ असं दिसेल. यातले ६३५ मिमी म्हणजे टायर जिथे बसतो तो रिंगचा व्यास. हल्लीच्या ७०० च्या रिंगांनाही बाजारात २८ च म्हणतात, पण त्यांचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, टायर त्यावर धरणारच नाही. दुसरं, रॉड ब्रेकची रबरं रिंगला आतून, तारांच्या दोन्ही बाजूंना दाबतात. नव्या पद्धतीच्या रिंगला ब्रेक बाजूने लागतो, आत तशी सपाट जागाच नसते. म्हणजे रिंग बदलली की टायर गेला, ब्रेकही गेला.

पुढे ३२, मागे ४० ही जुनी इंग्रजी पद्धत आपल्याकडच्या काळ्या सायकलींत टिकून आहे, त्यामुळे ४० भोकांचा हब जुन्या दुकानात मिळतो. कोणी म्हणेल, रिंगची चार भोकं सोडून ३६ च्या हबवर चाक विणून देतो. नको. तारांचा ताण सारखा राहत नाही आणि दर महिन्याला आउट (चाकाचा वाकडेपणा) काढत बसाल. नव्या हबची कड (तारा अडकतात ती चकती) जुन्याएवढीच आहे ना तेही मोजून घ्या, नाहीतर जुन्या तारा लांबीला चुकतात.

कोन न चढण्याचं कारण बहुतेक एक्सलमध्ये आहे. जुना एक्सल ३/८ इंची, म्हणजे साधारण साडेनऊ मिमी, इंचाला २६ आटे. तुमच्या हातात बहुधा १० मिमीचा आहे, एका मिमीला एक आटा. उलट बाजूने, म्हणजे १० चा नट ३/८ वर, चढतो आणि चढल्यासारखा वाटतो. आवळायला गेलं की आटे जातात. म्हणून एक्सल, दोन्ही कोन आणि नट एकाच संचातले घ्या. छर्रेही नवे टाका. मागच्या हबला सहसा पाव इंची, एका बाजूला नऊ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्रीव्हील (हबवरचं मागचं दातेरी चक्र) वाचवायचं असेल तर तारा कापायच्या आधी काढा. पायडल मारून मारून ते आवळत गेलेलं असतं. रिमूव्हर (फ्रीव्हील काढायचं हत्यार) व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरायचा, चाक त्यावर ठेवायचं आणि रिंग दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवायची. मी आधी तारा कापल्या. मग हातात उरला नुसता हब, तो धरायचा कसा? अर्धा दिवस गेला आणि शेवटी दोन्ही भंगारात.

फ्रीव्हीलचे आटे मात्र बहुतेक सगळीकडे सारखेच (१.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे), तिथे अडचण येऊ नये. ग्रीस लावून हाताने चढवा. हाताने चढलं नाही तर वाकडं लागलंय, पान्याला हात लावू नका.

नव्या फ्रीव्हीलवर चेन उड्या मारत असेल तर दोष चेनचा. २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १२ १/८ च्या वर गेली की बदला. घेताना १/८ इंच रुंदीची मागा. गिअरवाली ३/३२ ची अरुंद चेन तुमच्या जाड दातांवर बसत नाही.

चेन उतरत असेल तर मागून एक डोळा मिटून बघा. पुढचं चक्र आणि फ्रीव्हील एका रेषेत नसेल तर एक्सलवरचा एखादा वॉशर या बाजूचा त्या बाजूला टाका. एवढं केलं की रिंग मध्यावरून सरकते, ती तारा ओढून पुन्हा मध्यावर आणावी लागते. हे काम चाक विणणाऱ्याकडेच द्या, मीही देतो.