जुना बोर्ड, नवा प्रोसेसर : पैसे कोठे घालावेत?

प्रश्न : आमच्याकडे २०१९ मध्ये जुळवून घेतलेला संगणक आहे. त्यात रायझन ३ ३२०० जी प्रोसेसर, बी ४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच मेमरी पट्टी आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. निवृत्तीनंतर मी दहावीच्या मुलांसाठी गणिताच्या पाठांचे व्हिडिओ तयार करतो, परंतु संपादन झाल्यावर व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला फार वेळ लागतो. एका दुकानदाराच्या मते हा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) जुना झाल्यामुळे प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी तिन्ही बदलावी लागतील. दुसऱ्याने रायझन ५ ५६०० सुचवला. मला १५,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तिन्ही वस्तू बदलण्याची आपल्याला गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसरची किंमत कधीही एकटी धरू नये. त्याच्यासाठी आणखी काय विकत घ्यावे लागते, तेही त्याच हिशेबात मांडावे. आपल्या बोर्डाचा सॉकेट एएम ४ आहे. त्याच्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ सॉकेटला फक्त डीडीआर ५ (नव्या पिढीची) मेमरी चालते, म्हणजे आपली चांगली चालणारी डीडीआर ४ पट्टी आणि बोर्ड दोन्ही बाजूला पडतील. त्यात २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव खूपच चढले आहेत. अशा वेळी हाताशी असलेली मेमरी टाकून देणे मला अजिबात पटत नाही.

तरीही खरेदीपूर्वी एक तपासणी अवश्य करावी. नेहमीचा एखादा पाठ एक्स्पोर्टला लावावा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि पाच मिनिटे त्यातील आकडे पाहत बसावे. सीपीयू सतत शंभर टक्क्यांजवळ राहून डिस्क जवळजवळ मोकळी असेल, तर काम प्रोसेसरपाशी अडते आहे. याउलट डिस्क शंभरावर आणि सीपीयू तीस-चाळीसवर दिसला, तर कितीही महाग प्रोसेसर बसवला तरी पदरी निराशाच येईल. तेथे एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) हवी.

काम प्रोसेसरपाशीच अडत असेल, तर आपल्यासाठी रायझन ५ ५६०० जी योग्य आहे. शेवटच्या ‘जी’कडे कृपया नीट लक्ष द्यावे. दुसऱ्या दुकानदाराने सुचवलेला ५६०० हा प्रोसेसर उत्तमच आहे, त्याची एल ३ कॅशही (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ एमबी, म्हणजे ५६०० जीच्या दुप्पट आहे. पण त्यात ग्राफिक्सचा भागच नाही. आपल्याकडे वेगळे कार्ड नसल्याने तो बसवल्यावर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा मात्र काळाच राहील. इंटेलच्या प्रोसेसरांत ‘एफ’ हे अक्षर हीच उणीव दाखवते.

जाहिरातीतील गिगाहर्ट्‌झच्या आकड्यावरून निवड करू नये. आपला ३२०० जी कमाल ४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो आणि ५६०० जी ४.४पर्यंत; फरक जेमतेम दहा टक्क्यांचा दिसतो. परंतु या दोहोंच्या मध्ये रचनेच्या दोन पिढ्या आहेत आणि प्रत्येक ठोक्यामागे (गिगाहर्ट्झ हे ठोक्यांच्या वेगाचेच माप आहे) होणारे काम पहिल्या वेळी सुमारे १५ टक्के व दुसऱ्या वेळी १९ टक्के वाढल्याचे एएमडीने जाहीर केले होते. शिवाय चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि चार थ्रेडऐवजी (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगांऐवजी) सहा कोअर आणि बारा थ्रेड मिळतात. व्हिडिओ एक्स्पोर्टचे काम थ्रेडांत चांगले वाटले जाते, म्हणून आपल्याला हा बदल घड्याळावर दिसेल. कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा (टीडीपी) दोहोंचा ६५ वॉटच असल्याने सध्याचा पॉवर सप्लाय ठीक असेल, तर तो बदलण्याचे कारण नाही.

आपला बोर्डच बंद पडला असता, तर मी इंटेलचा आय ५ १२४०० आणि डीडीआर ४ मेमरी घेणारा एच ६१० बोर्ड सुचवला असता. आपल्या बाबतीत तो खर्च अनावश्यक आहे.

सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन ठिकाणी भाव विचारावेत, पण खोक्यातला प्रोसेसर आणि ‘ट्रे’ (खोक्याशिवाय सुटा विकला जाणारा) प्रोसेसर यांची तुलना एकाच मापाने करू नये. खोक्यातल्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते व ५६०० जीच्या खोक्यात कूलरही येतो. उरलेल्या पैशांत एसएसडी बसते का ते पाहावे. मेमरीची दुसरी ८ जीबी पट्टी पुढे मिळाली, वापरलेली मिळाली तरी, तपासून घ्यावी, कारण अंगभूत ग्राफिक्स याच मेमरीतून आपला वाटा घेते आणि दोन पट्ट्यांमुळे मेमरीचा मार्ग दुप्पट रुंद होतो.

आता बदलण्याच्या कामाविषयी. २०१९च्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रणालीला) हा प्रोसेसर ओळखता येत नाही, म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अद्ययावत करावा, आणि ते काम यूपीएसवरच करावे. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा मिनिटे चालवून मग बंद करावा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला वाळलेला उष्णतावाहक लेप (थर्मल पेस्ट) मऊ होतो. नंतर वायर काढून, कूलरचे स्क्रू सोडवून, तो सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सुटा करावा. एएम ४ प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ बारीक पिना असतात. घट्ट चिकटलेला कूलर हिसक्याने ओढला, तर सॉकेटच्या बंद खटक्यातूनही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. हे मी स्वतः एकदा केले आहे आणि सुईच्या टोकाने पिना सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली होती.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि हाताशी नसेल, तर तयार केलेले सगळे पाठ त्या डिस्कमध्येच अडकून पडतील.